तारीखवाले साहेब

आमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी एकतीस वर्षं बाबूगिरी केली. तेवढ्या काळात जे जे नगराध्यक्ष झाले त्यांचे फोटो सभागृहाच्या भिंतीवर ओळीनं लागले आहेत, हार वाळलेले, काचा धुळीनं भरलेल्या. त्यात एका माणसाचा फोटो नाही, कारण त्यांनी तो लावू दिला नाही. आणि मला रोज आठवतात ते नेमके तेच. चांगले आठवतात असं म्हटलं तर खोटं होईल. ते आठवले की हातातला घास हातात राहतो.

गावाचं नाव सांगत नाही. अकोल्याहून अकोटच्या बाजूला निघालं की खारपाणपट्टा लागतो, त्यातलंच एक तालुक्याचं गाव समजा. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते जिभेला लावलं की माणूस थुंकतो. जमीन काळी, कापूस चांगला, पाणी मात्र बाहेरून आणलं तरच. अशा गावात नगराध्यक्ष म्हणजे खरं पाहता पाण्याचा मालक, बाकी सगळं शोभेचं.

साहेब मूळचे आमच्याच माळीपुऱ्यातले. बाप शेवंती अन् झेंडू लावायचा, आई टोपल्यात मेथी-पालक घेऊन बाजारात बसायची. पोरगा हुशार निघाला, शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि तिकडे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. लागला तो चढतच गेला. शेवटी अर्ध्या देशाची विक्री त्यांच्या हाताखाली होती म्हणत. केस पांढरे झाल्यावर एक दिवस नोकरी सोडून ते सरळ गावात आले, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि नगराध्यक्षाच्या निवडणुकीला उभे राहिले. बायको पुण्यालाच राहिली. तिला हे पटलं नव्हतं, आणि ती बाई शहाणी होती असं आज वाटतं.

प्रचारात जीप नाही, भोंगा नाही, जेवणावळ नाही. एक वही घेऊन घरोघर जायचे अन् विचारायचे, "तुमची एकच तक्रार सांगा. एकच." लोक आधी हसले. गावात ज्याला त्याला पंचवीस तक्रारी, त्यातली एक निवडायची म्हणजे नवरा-बायकोत भांडणं लागली. पण माणूस खरंच लिहून घेतो आहे हे पाहून लोकांना काहीतरी झालं. निवडून आले, तेही दणक्यानं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या काढून टाकल्या. कंपनीत म्हणे उभ्यानं बैठक घेतली की दहा मिनिटांत आटोपते. आमचे नगरसेवक आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग एकजण म्हणाला, "बसा गा खाली, आपल्या घरचंच ऑफिस हाय." सगळे भिंतीला टेकून मांडी घालून बसले. कोणीतरी कचोऱ्या मागवल्या, चहा आला, पान आलं. ती बैठक तीन तास चालली. साहेब पहिला अर्धा तास उभे होते, मग तेही खाली बसले आणि त्यांनी कचोरी खाल्ली. पण खुर्च्या काही परत आणल्या नाहीत. हट्टी होते.

कोणी त्यांच्या वाढदिवसाचा फलक चौकात लावला, तर स्वतः शिडी आणून तो काढला. फलक लावणारा वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. दाखल्याच्या खिडकीवर स्वतः तासभर बसायचे आणि जन्माचा दाखला जागेवर द्यायचे. लोकांना भीती वाटायची, की इतक्या लवकर मिळाला म्हणजे हा कागद नकली तर नसेल. ऑफिसात पुण्याचं स्वच्छ मराठी बोलायचे. मात्र ऑफिसच्या फाटकाशी फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या सुभद्रामावशीजवळ थांबले की जीभ आपोआप सैल व्हायची.

"काय वो, आज शेवंती काहून नाही आणली?"

"उन्हानं जळून राहिली बापू. झेंडूच ने आज."

मावशी माळीपुऱ्यात त्यांच्या शेजारच्या घरातली, त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. अख्ख्या गावात त्यांना अरे-तुरे करणारी आणि बापू म्हणणारी तीच एक. दुपारची भाकर ते तिच्याकडेच खात. आंबाडीची भाजी, कण्याचा भात, मिरचीचा ठेचा. वाढायची तिची सून, वंदना. ती लग्न होऊन आली तेव्हापासून साहेबांना सासऱ्यासारखं मामाजी म्हणायची आणि तिसरी भाकर न विचारता ताटात टाकायची. साहेब म्हणायचे, "या घरात माझं कोणी ऐकत नाही." हे ते आनंदानं म्हणायचे.

त्यांची खरी खोड म्हणजे तारीख. बैठकीच्या खोलीत एक भलीमोठी पांढरी पाटी होती. त्यावर गावातलं प्रत्येक काम, आणि कामापुढे एक तारीख. काम झालं नाही तोवर लाल ठिपका, झालं की हिरवा. सकाळी आले की देवापुढे उभं राहावं तसे त्या पाटीपुढे उभे राहायचे. कोणी अडचण सांगायला तोंड उघडलं की तळवा पुढे करायचे. "कारण मला सांगू नका. कारणं माझ्याकडेही भरपूर आहेत. तारीख सांगा." म्हणून गावानं त्यांना नाव ठेवलं तारीखवाले साहेब. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले.

आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्या पाटीनं कामं झाली. घंटागाडी वेळेवर यायला लागली. खांबावरचे दिवे लागले. बाजारातली नाली निघाली. जे आमच्या हातात होतं ते तारखेला होऊ लागलं. जे आमच्या हातात नव्हतं तेही मग तारखेला होऊ लागलं, निदान पाटीवर.

इथे आमच्या लोकांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे 'कधी येता?' असं विचारलं की 'हे काय, निघालोच' असं उत्तर असतं. निघालोच म्हणणारा त्या वेळी न्हाणीत असतो, आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. शिंप्याकडे गेलात तर कपडे परवा मिळतात, कधीही जा, परवाच. यात फसवणूक नाही. समोरच्याचा मान राहावा म्हणून सांगितलेला तो एक दिवस असतो. तोंडावर 'नाही होत' म्हणणं हा आमच्यात माजोरीपणा. पुण्याच्या कानाला आमची बोली दांडगट वाटते, पण नकार द्यायची वेळ आली की आमच्याइतके मऊ लोक शोधून सापडायचे नाहीत. साहेब इथेच जन्मले, इथलं सगळं त्यांना माहीत होतं. पण तीस-पस्तीस वर्षं बाहेर राहिल्यावर माणूस नेमकं एवढंच विसरतो. आम्ही मान म्हणून तारीख देत होतो आणि ते ती शब्द म्हणून घेत होते.

माळीपुऱ्याला नळ नव्हता. गावाच्या टोकाला, आमच्या ऑफिससमोरच्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे ती वस्ती. तीन दिवसांआड टँकर यायचा. साहेबांच्या वहीत सुभद्रामावशीच्या घरापुढे लिहिलेली एकच तक्रार तीच होती, आणि माझ्या मते ते निवडणुकीला उभे राहिले तेही त्यासाठीच. पाइप आले, चर खणले गेले, रस्त्याच्या अलीकडच्या कडेपर्यंत लाइन टाकून झाली. आता रस्ता आडवा फोडायचा, आणि त्याला रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांची परवानगी हवी. ती येत नव्हती. तिची फाइल माझ्या टेबलावर होती. तीन स्मरणपत्रं मीच लिहिली होती.

एका सोमवारी साहेब पाटीपुढे उभे होते, आम्ही भिंतीला टेकून. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरनं माझ्याकडे.

"माळीपुरा?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ते रस्त्याच्या परवानगीचं जरा..."

तळवा पुढे आला. "कारण नको. तारीख."

समोर भिंतीवर दिनदर्शिका होती. वैशाखात अक्षय तृतीया लाल अक्षरात छापलेली. सणाची तारीख तोंडात लवकर येते. मी म्हणालो, "अक्षय तृतीयेपर्यंत होऊन जाईल, साहेब."

मी कबूल करतो आहे, मीच म्हणालो. इंजिनिअर नाही, कोणी नाही. दीड महिना हातात होता, तोवर परवानगी येईल, नाही आली तर कोणीतरी तारीख पुढे ढकलेल, असं मनात होतं. साहेबांनी मात्र पाटीवर लिहिलं आणि वळून असे हसले की मला लाज वाटली. दुपारी मावशीकडे जेवताना त्यांनी तिलाही सांगून टाकलं. यंदा पितरांची घागर नळाच्या पाण्यानं भरायची. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून ठेवतात. मावशी म्हणाली, "तुह्या मायच्या नावाची बी भरतो मी, बापू." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं वंदनानंच मला नंतर सांगितलं.

साहेबांचा आणखी एक नियम होता. काम ज्या तारखेला पुरं, त्या तारखेला त्याची तात्पुरती सोय आपोआप बंद, वेगळा हुकूम लागत नाही. कंपनीत चालत असेल. इथे त्याचा अर्थ असा झाला, की पाटीवर ठिपका हिरवा झाला की माळीपुऱ्याचा टँकर बंद.

अक्षय तृतीया आली तेव्हा साहेब गावात नव्हते. त्यांच्या पाटीचं नाव झालं होतं, म्हणून अमरावतीला दुसऱ्या गावांच्या लोकांपुढे बोलायला त्यांना बोलावलं होतं, तिथून ते परस्पर मुंबईला गेले. मी भाचीच्या लग्नाला चांदूर रेल्वेला होतो. इंजिनिअरनं ठिपका हिरवा केला. आपल्या बाजूची लाइन झाली म्हणजे आपलं काम झालंच की, असा त्याचा हिशेब. मला वाटत होतं तो तारीख पुढे नेईल, त्याला वाटत होतं मी नेईन. टँकरवाल्यानं टँकर दुसऱ्या वस्तीला लावला.

मांडवात मला मावशीचा फोन आला. "भाऊ, टँकर नाही आला. अन् नळ बी नाही आला. घागर कायनं भरू?"

मी म्हणालो, "येते मावशी, उद्या येते." आणि इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या पाहतो."

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा मी उद्या म्हणालो. लग्नानंतर भाचीची पाठवणी होती, मग सत्यनारायण होता, मग उन्हं फार होती. साहेबांना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण काय सांगणार, की मी सांगितलेली तारीख खोटी होती? नवव्या दिवशी मी गावात आलो आणि टँकर सुरू केला. नऊ दिवस माळीपुरा नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी पीत होता. पितरांच्या घागरीही त्याच पाण्यानं भरल्या. साहेब परतले तेव्हा इंजिनिअरनं दोन दिवसांची गडबड झाली असं सांगितलं. मी मान हलवली. मावशीनंही बापूला वाईट वाटू नये म्हणून नऊ दिवसांचा विषय काढला नाही. साहेब रागावले, ठिपका लाल केला, नवी तारीख मागितली. आम्ही दिली. आम्हाला वाटलं, निभावलं.

महिना उलटून गेला, मृग लागला, आणि माळीपुऱ्यात लोकांचे डोळे पिवळे पडायला लागले. कोणी गळ्यात माळ घालून कावीळ उतरवून आणली, कोणी अकोटला सलाईन लावून आला. बहुतेक उठले. वंदना उठली नाही. तिला सातवा महिना होता. मोठ्या डॉक्टरांनी अकोल्याला न्यायला सांगितलं, साहेबांनी स्वतःच्या गाडीत नेलं. दवाखान्यात दरवाज्याजवळच्या बाकावर ते तीन दिवस बसून होते. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाले, "तिला विचारा, तिसरी भाकर कोण वाढणार." असं काहीतरी असंबद्ध बोलत होते. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी बैठकीच्या खोलीत खुर्च्या आणायला सांगितल्या. सगळे बसले. ते पाटीकडे पाठ करून बसले आणि त्यांनी मला विचारलं, ऑफिसात पहिल्यांदाच आमच्या बोलीत विचारलं, "काहून झालं हे?"

मी सगळं सांगितलं. परवानगी आली नव्हती. मला माहीत होतं. तरी तारीख दिली.

"मग काहून देल्ली?"

"तुमी मागतली, साहेब."

यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्यांनी मला निलंबित करावं, चारचौघांत थोबाडीत मारावी, असं मला फार वाटलं. त्यांनी काहीच केलं नाही. नुसते म्हणाले, "बरोबर आहे." आणि उठून माळीपुऱ्यात गेले. मी मागून गेलो.

मावशी ओट्यावर बसली होती. साहेब खाली पायरीवर बसले. तिचा मुलगा गजानन त्यांना पाहून आत निघून गेला. मग मावशी म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, "तू कंपनीतच बरा होता, बापू. इथं तुले कोणं कायले बलावलं होतं?"

साहेब म्हणाले, "तुमच्यासाठीच आलो होतो वो."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "तेच तं."

ती शिव्या देती तर ते गावात टिकले असते. आठ दिवसांनी त्यांनी राजीनामा लिहिला. मुख्याधिकारी म्हणाले, कारण लिहावं लागतं. साहेब पेन हातात धरून कितीतरी वेळ बसले होते, मी समोर होतो. शेवटी त्यांनी लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. आमच्यापैकी कोणीही हेच लिहिलं असतं. तो कागद माझ्या हाती देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानावरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. निरोप नाही, शाल-श्रीफळ नाही. ज्या गावानं वहीत तक्रारी लिहून दिल्या होत्या, त्याच गावानं म्हटलं, पैशेवाला माणूस, हौस फिटली, गेला. मी तिथेच उभा होतो आणि मी काही बोललो नाही.

पुढे मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक बसले. परवानगी आली, म्हणजे यायची तेव्हा आली. रस्ता फोडला, लाइन जोडली, माळीपुऱ्यात चौथऱ्यावर नळ उभा केला. पण तोवर गावाची टाकी गावालाच पुरेना, टोकापर्यंत दाब पोचत नाही. तो नळ कोरडाच आहे. टँकर तीन दिवसांआडचा पाच दिवसांआड झाला. पाटी कोणीतरी कोपऱ्यात टेकवून ठेवली होती, तिच्यामागे जाळं होतं. मी निवृत्त झालो. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तीन लोकांनी सांगितलं, की या माणसानं कधी कोणाला नाही म्हटलं नाही.

साहेबांना एकदा फोन केला होता. काय बोलायचं ते ठरवून केला होता, पण 'तब्येत कशी आहे'च्या पुढे गेलो नाही. त्यांनीही 'ठीक' म्हटलं आणि पावसाचं विचारलं.

परवा देवाला फुलं आणायला फाटकाशी गेलो. सुभद्रामावशी अजून तिथेच बसते. आता दिसतं कमी, फुलं बोटांनी चाचपून निवडते. म्हणाली, "गजाननचं लगन दुसऱ्यानं जमवून राहिलो, भाऊ. पोरगी धारणीकडची हाय. गरीब हायत, पण माणसं चांगली. तिच्या बापानं एकच विचारलं, पाण्याचं कसं हाय तुमच्याकडं."

मी पैसे काढायला खिशात हात घातला.

"तुमी पाण्याच्याच खात्यात होते," ती म्हणाली. "सांगा ना, पाणी कधी येईन?"

रस्त्यापलीकडे कोरडा नळ उन्हात उभा होता, तो तिला दिसत नसला तरी मला दिसत होता. त्या अनोळखी पोरीचा बाप डोळ्यांपुढे आला. नाही म्हणावं, मावशी, त्या पोरीला इथे आणू नका म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं. मावशी टोपलीवर हात ठेवून, मान वर करून वाट पाहत होती.

"दिवाळीपर्यंत येते, मावशी," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली आणि माझी फुलं पानात बांधायला लागली. "मी बी त्याले तेच सांगतलं."